कारबुरेटरला लावलेलं कुंकू

आश्विन शु. ९, खंडेनवमी

सकाळपासनं पायांचे तुकडे पडलेत. हत्यारं धुऊन पाटावर मांडली. कोयता, विळी, लॉरीचे पाने, जॅक, आणि मामंजींचा चाबूक. बैल विकून लॉरी घेतली त्याला जमाना झाला, पण चाबूक पूजेला पाहिजेच. ह्यांनी लॉरीचा कारबुरेटर काढून पेट्रोलनं धुतला नि पाटाच्या मधोमध ठेवला. (रोज एवढा लांब शब्द कोण लिहील? इथनं पुढं नुसतं 'का.')

पहिल्यांदाच जवळनं बघितला. ओंजळीत मावतो! "एवढ्याशानं एवढी लॉरी चालते?" म्हटलं. हे म्हणाले, "वारा नि पेट्रोल ह्योच कालवतो. ह्यो नसला तर बाकी सगळं लोखंड." मामंजी म्हणाले, "मग ह्याचं कपाळ कुठलं म्हणायचं? तोंडालाच लाव सूनबाई. चांगलं भरून लाव." लावलं. ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. हात जोडताना अंगावर काटा आला. कशाला ते कळलं नाही.

दसरा

लॉरी झेंडूच्या माळा घालून सजवली. सोनं लुटायला त्यातनं जायचं, हा मामंजींचा हट्ट. हँडल मारून मारून ह्यांचे खांदे गेले. दोनदा खोकली, गप्प झाली. शेवटी चालत गेलो. सगळी गल्ली दारात उभी राहून हसली. हसा म्हणावं, तुमच्या घरी लॉरी न्हाय ती न्हायच.

आश्विन शु. १२

ह्यांनी का. उघडला. आत पितळेची नळी, तिला केसाएवढं भोक. त्यातनंच पेट्रोल येतं म्हणे. त्या भोकात कुंकू वाळून दगड झालेलं. माझंच कुंकू! कान धरले, तर मामंजी म्हणाले, "देवाचं केलंस, त्यात चूक कसली?" हे नळी उजेडात धरून बघत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सुईनं निघेना, म्हणून ह्यांनी पोती शिवायचा दाभण घातला. कुंकू निघालं. भोकही रुंद झालं.

कोजागिरी

लॉरी चालते, पण पेट्रोल म्हशीसारखं पिते. मागनं काळा धूर. पेट्रोल कुपनावर, महिना संपायच्या आधी कुपनं संपणार. आज तंबाखूची बोदं (एकेक पोतं माणसाएवढं) भरून बेळगावला निघालो आणि तवंदीच्या घाटात अर्ध्यात बसली. (आमचा क्लीनर लढाईवर गेल्यापासनं चाकामागं दगड लावायचं काम माझं. घाट लागला की मी दगड घेऊन मागनं चालायचं. बायका नावं ठेवतात, ठेवू देत.) दगड लावला म्हणून वाचलो, न्हायतर बोदांसकट खाली. माल बैलगाड्यांत घालून परत आणावा लागला. मामंजी त्या बैलांकडं बघतच राहिले.

जेवताना हे म्हणाले, "लॉरी जमली न्हाय तर मी मिलटरीत जातो. ड्रायव्हर लोकांना हातोहात घेताहेत." मी भाकरी ताटात ठेवली. आमचा क्लीनर गेला, त्याची आई रोज पोस्टमनच्या वाटेवर बसते.  तिथंच ठरवलं, दुसरा का. मिळवायचाच. मी घालवला, मीच मिळवणार.

आश्विन व. ३, शहापूर

सर्व्हिस मोटरनं बेळगावला आलो. माहेरी उतरलो. दुकानं फिरलो. सगळीकडं एकच, "सामान लढाईवर गेलंय." शेवटी कँपाजवळ भंगारवाल्या चाचाकडं दोन सापडले. एक मिलटरीच्या मोडक्या ट्रकचा, कलशाएवढा. दुसरा कुणा साहेबाच्या जुन्या मोटरीचा, बारका, जिलेबीसारखा वळलेला. आमच्या जातीचा दोन्हींतला एकही नाही. चाचा म्हणाला, "बडा लेव, शेर है. छोटा तो सायबाच्या मेमसाबला हवा खायला. घाट काय चढणार?" ह्यांचा जीव मोठ्यावर. मोठा घेतला तर घाट चढेल, पण कुपनं आठवड्यात खलास. बारका घेतला तर पेट्रोल पुरेल, पण घाट? उद्या सांगतो म्हणून आलो. 

आश्विन व. ४, शहापूर

आज जे बघितलं ते लिहायला जमतंय का बघते.

आप्पा, म्हणजे माझे विणकर वडील, हातमागासमोर ताण्याच्या सुतावर पाणी मारत होते. तोंडात घोट घेऊन, ओठ चिमटून, फुर्र. लहानपणापासनं बघते. आज खिडकीतनं ऊन आलं, आणि त्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य उभं राहिलं. वीतभर. पाणी न्हवेच ते, धूर म्हणा, श्वास म्हणा. एका घोटात अख्खा ताणा दमट झाला, एक थेंब खाली नाही. मी ह्यांचा हात धरला, आप्पांच्या देखत! म्हटलं, "ह्योच की तुमचा का.!" हे बघत राहिले. मग म्हणाले, "आप्पा, परत मारा." आप्पांना वाटलं जावई खुळा झाला. परत मारला. हे म्हणाले, "तोंड मोठं करून मारा." मारला तर सूत चिंब, खाली थारोळं. आप्पा चिडले, "व्हय की! तोंड वासून कुणी फवारा मारतंय व्हय?"

जग केवढं आणि चालतं कशावर! ओठांच्या चिमटीवर. दिवसभर माझं मन थाऱ्यावर नाही.

बारका घेतला.

आश्विन व. ७

निपाणी, घरी परत. बारक्याचं बूड आणि लॉरीचं तोंड जुळेना. तांबटाकडनं पितळेची जाड चकती करून घेतली, मध्ये बसवली. मामंजींनी बारका हातात घेऊन नाक मुरडलं. "ह्यो? ह्यो ओढणार बोदं? कोंबडीला नांगर." संध्याकाळी हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यात सुरू! धूर नाही. आवाज असा, जसं कुणी मनातल्या मनात जप करतंय. मामंजी चप्पल न घालताच बाहेर आले. गल्लीत आज कुणी हसलं नाही.

आश्विन व. ९

पूर्ण माल. तवंदी. मामंजी पुढं बसले, मांडीवर नारळ. मी दगड घेऊन चाकामागं.

घाट लागला. लॉरी हळू झाली, माझ्या चालीएवढी. प्रत्येक वळणाला वाटलं आता बसली. दगड टाकायला वाकले, तर ती पुढं. परत वाकले, परत पुढं. घामानं दगड हातातनं सटकत होता. अर्ध्या घाटात मागच्या खेपेची जागा आली, तिथं मी डोळे मिटले. आवाज तुटला नाही. कलशाएवढ्या न्हवे, लिंबाएवढ्या तोंडानं ती श्वास घेत होती आणि एवढा डोंगर चढत होती. रडू आलं. कशाचं म्हणून सांगू?

वर पोचलो. दगड माझ्या हातातच. एकदाही खाली टेकला नाही. मामंजी उतरले, नारळ फोडायचा विसरून बॉनेटवर हात ठेवून उभे. म्हणाले, "बैलाच्यात जीव असतोय हे ठाऊक हुतं." मग बॉनेट थोपटलं, बैल थोपटावा तसं.

माथ्यावर एक सरकारी मोटर थांबलेली. टोपीवाला उतरून आला. "जुनी दिसते, पण चढली झकास!" म्हणाला. ह्यांची छाती फुगली. त्यानं नंबर लिहून घेतला. मला वाटलं कौतुकानं.

धनतेरस

चिकोडीच्या कचेरीतनं शिपाई आलता. चालू लॉऱ्या सरकारला लढाईसाठी पाहिजेत. दिवाळी झाली की बेळगावच्या मिलटरी कँपात नेऊन दाखवायची. चांगली चालली तर ठेवून घेणार. ड्रायव्हर राजी असला तर त्यालाही घेणार. बंद पडलेली असली तर परत न्या म्हणतात.

मी विचारलं, "तुम्ही राजी?" हे लॉरीकडं बघत होते. "तिला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात सोसत न्हाय गं. नवा का. आहे. कुणी तरी दाभण घालंल." 

म्हणजे नाही चालली तरी जाणार होते, आता चालली म्हणून जाणार. ह्याला काय म्हणावं? मीच हिंडून हिंडून आणला तो. करंज्या तळताना दोन जळल्या.

पाडवा

ह्यांना ओवाळलं. ओवाळणीत काय पाहिजे म्हणाले. मी तोंड फिरवलं.

कार्तिक शु. ३

भाऊबीज झाली. उद्या सकाळी कँपात.

ह्यांनी लॉरी धुतली. का. काढून, पुसून, चकाचक करून पाटावर ठेवला. मामंजी म्हणाले, "वाटंला लावायच्या आधी पूजा पाहिजे. सूनबाईच करंल." हे हसले. "बाहेरनंच लाव हां ह्या खेपेला." आणि आंघोळीला गेले.

मामंजी गेले नाहीत. खांबाला टेकून बसलेत. मी म्हटलं, "मामंजी, कपाळ कुठलं याचं?" ते माझ्याकडं बघत राहिले. मग डोळे मिटले. म्हणाले, "मला आता म्हातारपणी दिसतंय व्हय काय? तुझ्या मनाला यील तिथं लाव, पोरी."

दिवेलागण झाली. निरांजनाच्या उजेडात का.चं पितळ देवासारखं दिसतंय. आत डोकावलं की ते भोक दिसतं, केसाएवढं. त्यातनंच डोंगर चढला. माझ्या डोळ्यांदेखत. असल्याला आपल्या हातानं बुजवायचं? आणि आत नाही लावलं तर उद्या लॉरीबरोबर हेही जाणार.

आतनं तांब्याचा आवाज येतोय. आंघोळ संपत आली.

कुंकू कालवलंय. बोट ओलं आहे. तेवढ्यात हे लिहून घेतलं.