हिच्या कपड्यांची गोधडी

१ तारीख
ही गेल्यापासून कपाट बंदच होतं. मी आता पूर्ण सावरलोय, म्हणून आज उघडलं. लेक फोनवर म्हणाली होती, बाबा, कपाटाला हात लावू नका, मी आले की बघू. पण तिला झेपायचं नाही. हळवी आहे, आईवर गेलीये. ठरलं! हिच्या कपड्यांची गोधडी शिवून लेकीला सरप्राइज द्यायचं. महिनाअखेरीला येतेय. वेळच वेळ.

२ तारीख
व्हिडिओ बघितले. कापड आधी धुवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं. अख्खं कपाट मशीनमध्ये घातलं. गरम पाणी, साबण सढळ हातानं, दोनदा. गच्चीवर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, भाऊजी, सगळंच धुतलंत? म्हटलं, सगळं! त्या आपली बादली उचलून खाली गेल्या. कौतुक करायलाही मन मोठं लागतं.

६ तारीख
कटिंग सुरू. हिरव्या ड्रेसला कात्री लावताना हात थांबला. मानेचा त्रास असणार. बाकीचं उद्या.

११ तारीख
उद्या जमलं नाही. मान.

१९ तारीख
कापून झालं. रडू वगैरे काही आलं नाही. काहीच वाटत नाही. बरंय, शिवणाला हात स्थिर लागतो.

२४ तारीख
धावदोरा म्हणजे काय, सुई खाली-वर. पोरखेळ. दिवसभर पलंगावर बसून शिवलं. उचलायला गेलो तर पलंगावरची चादरही वर आली. तिच्यासकट शिवली होती. राहू दे, अस्तर हवंच होतं.

२९ तारीख
गोधडी पूर्ण. चौकोनी म्हणता येणार नाही. हल्ली याला आर्ट म्हणतात.

३० तारीख
लेक आली. गोधडी हातात दिली. तिनं नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आनंदानं. मग म्हणाली, बाबा, नुसता साबणाचा वास येतोय. म्हटलं, येणारच, दोनदा धुतलंय. तिनं विचारलं, आईचं न धुतलेलं काही उरलंय का? एखादा रुमाल तरी? म्हटलं, बघतो.

३१ तारीख
बघितलं. अभ्रे, टॉवेल, स्वेटर, दारामागचा गाऊन. काही म्हणजे काही सोडलेलं नाही मी.
लेक गोधडी घेऊन गेली. छान झालीये म्हणाली. दार लावलं आणि हिचा वास कसा होता ते आठवत बसलो. जेवायची वेळ टळून गेली. दमलो असेन, आठवला नाही.