ग्रीकाचे तीन भाऊ

२७ फेब्रुवारी

सापडलं! शब्दन् शब्द. एका ग्रीक प्रवचनात, आमच्या मठवासी सिसोयच्या शंभर वर्षं आधीचं. “माझ्या हातांनी मी तीन भाऊ पुरले, आणि चुलीपाशी जागाच जागा झाली.” शाळेत सिसोयचं म्हणून पाठ केलेलं वाक्य!

त्यानं कुठला परिच्छेद कुठल्या ग्रीक पोथीतून उचलला, याचा माग तीन वर्षं काढतेय. एवढा एकच उरला होता. अर्धा तास नुसती खुशीत होते. मग माझे गुरू वेलिझार सर आठवले.

सरांची चाळीस वर्षं या परिच्छेदावर गेलीत. बाकी सगळं उसनं असेल, पण इथं आपल्या भाषेत पहिल्यांदा एक माणूस स्वतःच्या दुःखानं रडला – हे त्यांचं म्हणणं. पुस्तक छापखान्यात आहे. शेवटचं प्रकरण हेच.

१ मार्च

सरांकडे गेले. त्यांच्या पत्नी रायनाकाकूंनी मनगटाला एक मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा बांधला, यंदा तरी अंगानं भर म्हणाल्या. सरांनी विचारलं, काही मिळालं का. मी नाही म्हणाले. खोटं बोलताना मी कान खाजवते, हे त्यांना माहीत आहे. 

५ मार्च

सांगितलं. लपवलं असतं तर त्यांनीच शिकवलेल्या विद्येशी बेइमानी झाली असती – असं ट्रॅममध्ये दहा वेळा घोकलं होतं. त्यांनी ग्रीक पान भिंगाखाली धरलं.

“त्याचेही तीनच?”

“तीनच, सर. आकडा नाही, चक्क शब्दात लिहिलंय.”

चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, छापखान्याला कळवतो, प्रकरण काढा. वर मला शाबासकी दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च

काकूंचा फोन. सर जेवत नाहीत. मला बोल लावत नाहीत, तेच जास्त लागतं.

११ मार्च

लेखासाठी सिसोयच्या ग्रंथाची पोथी बघायला गेले – त्याची स्वतःची प्रत गेली, उरली ती ही जुनी नक्कल. कैक वर्षं दुरुस्तीत पडून होती, आता कुठं परत आलीय. आजवर सगळ्यांनी छापील प्रतीवर भागवलं. मीही.

पोथी उघडली ती परिच्छेदाच्या पुढच्याच पानावर. तिथं नकलकारानं लिहिलंय – शुभवर्तमानं लिहिणारे संत तीन! छापणाऱ्यानं गुपचूप चार करून टाकलेत. ग्रंथालयातली बिस्त्रा म्हणाली, “चौथा जेवायला गेला असेल.” हसलो. त्याखाली – देवानं जग पाच दिवसांत घडवलं. सहाचे पाच! नकलकार पेंगत होता, असं टिपून घरी आले. परिच्छेदाचं पान बघायच्या आत ग्रंथालय बंद झालं, ते उद्यावर ठेवलं.

१२ मार्च

पोथी आज दुसऱ्या कुणाकडे. घरी कांदे चिरताना हात थांबला. दोन्हीकडे बरोब्बर एकानं कमी! पेंगणारा माणूस इतक्या नेमानं चुकत नाही.

तेव्हा आकडे अक्षरांनीच लिहीत. आमच्या सगळ्यात जुन्या लिपीत ‘ग्लागोल’ हे अक्षर म्हणजे चार. तिच्यामागून आलेल्या, आजच्या लिपीत तेच अक्षर म्हणजे तीन; सहाचं अक्षर तसंच पाच. सिसोयनं लिहिलं जुन्या लिपीत. दोनशे वर्षांनी नकलकारानं नव्या लिपीत उतरवताना अक्षराला अक्षर ठेवलं, किंमत बदलायची राहिली. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवते! स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

भावांचा आकडा छापील प्रतीत शब्दात आहे – ‘तीन’. पण पोथीत कसा आहे?

१३ मार्च

एकच अक्षर. ग्लागोल.

१७ मार्च, क्षमेचा रविवार

सणाचा पांढरा हलवा घेऊन सरांकडे गेले. सरांच्या हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागितली. देवानं केली, मीही केली, असं ते रीतीप्रमाणे म्हणाले. मग पोथीच्या पानाचा फोटो पुढे ठेवला, नकलकाराची चूक सांगितली. सरांचं बोट त्या अक्षरावर थांबलं ते निघेचना.

“चार,” म्हणाले. “शब्द घेतले त्या ग्रीकाचे, खरंय. पण तीन सिसोयला पुरले नाहीत गं. त्याला चार भाऊ पुरावे लागले.”