पाठवणीचा मूळ आवाज

९ फेब्रु.
संध्याकाळी प्रकाशसोबत मुली विकणाऱ्या टोळीचा सिनेमा पाहिला. तळघर, साखळ्या, गालावर वण असलेला दलाल. मला जेवण गेलं नाही. प्रकाशनंही शेवटी डोळे पुसले. मग म्हणे, "पिक्चरवाले लई वाढवून दाखवतात. आपल्याकडं असलं काय नस्तं." आणि पोळी मागितली.

१० फेब्रु.
लग्नाचं शूटिंग प्रकाशचं, एडिटिंग माझं, संसारही तसाच. आज वैजापूरकडच्या लग्नाच्या एडिटिंगला बसले. नवरी बाहेरच्या राज्यातली, विशीची. नवरा चाळिशीचा. अंतरपाटाशी तिच्या पाठीमागं उभा असलेला मामा ओळखीचा वाटला. जुने व्हिडिओ काढले. दिवाळीनंतरच्या लग्नात तोच. त्याआधीच्या एकातही तोच. तीन नवऱ्या, तीन गावं, मामा एक. मेल्यानं फेटासुद्धा बदललेला नाही.

पाठवणीचा आवाज मी नेहमी पुसते, वर सनई टाकते. आज पहिल्यांदा मूळ आवाज ऐकला. पोरगी त्याला म्हणतेय, "आपने बोला था माँ से बात कराओगे. फोन दो ना." तो हसतोय, कॅमेऱ्याकडं बघून.

आधीच्या दोघींचे नुसते ओठ हलतात. मूळ फाइली मीच उडवल्यात. सिनेमातलं तळघर काळोखं तरी होतं. या पोरींच्या तोंडावर मी हातानं उजेड वाढवलाय. लाज वाटते.

११ फेब्रु.
प्र.ला ऐकवलं. "पाठवणीत समद्याच पोरी रडतात. गाणं टाक अन् मोकळी हो." परवा याचेच डोळे भरले होते.

पोलीस चौकीत गेले. त्यांनी क्लिप ऐकली, चहा पाजला. "तक्रार पोरीची नायतर तिच्या मायबापाची पाहिजे, ताई." मायबाप कुठले, कुणाला ठाऊक.

१४ फेब्रु.
गाणं पसंत करायचंय म्हणून लॅपटॉप घेऊन त्या वैजापूरकडच्या नवरीच्या सासरी गेले. एकटीच, एसटीनं. सासू जवळून हलेना. "सुनंला मराठी येत नाय, मला इचारा." हेडफोन तेवढा सुनेच्या कानाला लावला आणि तिचाच आवाज सोडला. पोरीनं हेडफोन कानाशी दाबून धरला. मग मोठ्यानं, "गाना अच्छा है." हळूच "माँ" म्हणाली आणि की-बोर्डवर आकडे दाबू लागली. नऊ झाले. सासूनं तिला चहा टाकायला उठवलं. दहावा राहिला.

सेव्ह केलेत, तरी घरी पुंडलिकनगरला येईपर्यंत पाठ झाले.

१५ फेब्रु.
मामाचा फोन येऊन गेला. पुढच्या आठवड्यात अजून एक लग्न. प्र.नं तारीख दिलीसुद्धा.

दुपारपासून त्या नऊ आकड्यांपुढं एकेक आकडा टाकून फोन लावतेय. शून्य, एक बंद. दोनवाल्यानं शिव्या घातल्या. तीन, चार, पाच राँग नंबर. पोरगी आईनंच पाठवली असेल तर? हे मनातून जात नाही.

सहा टाकल्यावर एका बाईनं उचलला. क्लिप लावून मोबाइल स्पीकरजवळ धरला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. बाईनं फोन ठेवला नाही.

क्लिप संपली. मी परत लावली.