उंबऱ्याआतलं बोर

आष्टी, संक्रांत, १९५६. दिवेलागण.

आज ताप नाही. दवाखान्यातून घरी येऊन पंधरा दिवस झाले, आणि सणाला दोन्ही लेकरं डोळ्यांसमोर आहेत. याहून जास्त काय मागायचं? देवाचे उपकारच.

अडीच वर्षांच्या बंडूचं बोरन्हाण जाऊबाईंनी अंगणात केलं. मी खोलीत, उंबऱ्याच्या आत बसून पाह्यलं. माझा खोकला क्षयाचा. आईच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे लेकरांना मीच शिकवलं. रागावून, एकदा तर हात उगारून.

बंडूच्या डोक्यावरून बोरं सांडली तशी गल्लीतली पोरं तुटून पडली. एक बोर घरंगळत माझ्या पायाशी आलं. बंडू त्याच्यामागं धावला आणि उंबऱ्याशी बराबर थांबला. मी ते उचलून परत टाकावं तर कसं? माझा हात लागला असता.

"जा की, घे जल्दी," जाऊबाई विसरून बोलून गेल्या.

"न्हाई. ते आईचं झालं," म्हणाला, आणि मागं सरकला.

शहाणं लेकरू, असं सगळ्या म्हणाल्या. खरंच, बिलकुल रडला नाही.

बोर अजून माझ्या पायाशीच आहे. थोडा तरी हट्ट करायचा होतास रे, राजा.