परसबागेचा अंदाज, झोपाळ्यासह

४ नोव्हें., मंगळ.
खटक-खट, खटक-खट. पहाटे जाग आली ती या आवाजाने. पण बाहेर सगळं शांत, आवाज स्वप्नातला. बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या शाळेला लागून माग चालायचे, त्यांच्या ठेक्यावर आम्ही चौथीची पोरं कविता म्हणायचो. लाइट गेली की माग थांबत आणि आमची कविताही अडखळे. कवितेतल्या बागेत पारिजातक असे, झोपाळा असे. खिडकीबाहेर मात्र सुताचे गठ्ठे.
आता बाग करायचीच. घरामागे जागा आहे, ठेवीचे साठ हजार हाती आलेत. खरं कारण सुधा. इंदूरला दोन्ही गुडघे बदलले, डॉक्टर म्हणतात रोज चाला. पण परसातले खड्डे पाहूनच हिला धडकी भरते. तेव्हापासून खाट आणि खिडकी. वाट सपाट झाली तर उतरेल.

६ नोव्हें.
सलीम मिस्त्रींनी खर्चाचा अंदाज दिला. फरशांची वाट, खाली धुम्मसाने ठोकून घट्ट केलेला मुरूम, वाफे, नळ, झाडं. साठ तिथेच संपले. झोपाळा धरलेलाच नाही! सागवानी, पितळी कड्यांचा...
सुधा : "झोपाळ्यावर बसणार कोण? मी तर चढत नाही."
म्हटलं, मी बसेन, कविता म्हणेन.
"मग माझी खाट आतल्या खोलीत न्या."

९ नोव्हें., रवि.
शाहपूरहून मेहुणे आले, सुधाचे धाकटे भाऊ. केळीवाले. अंदाज वाचून हसले. "दाजी, मुरूम विकत कशाले घेता? आपल्या शेतातली काळी माती पाठवतो दोन ट्रॉल्या. सोनं आहे सोनं!"
मिस्त्रीही खूश. "अच्छा है बाबूजी, धुम्मस मारने की मेहनत बची."
मुरूम खोडला. त्या जागी झोपाळा लिहिला. कागदावरसुद्धा काय देखणा दिसतो!

१४ नोव्हें.
माती आली. सुधाने खिडकीतून मूठभर मागून घेतली, हुंगली. बराच वेळ मूठ उघडली नाही. संध्याकाळपर्यंत फरशा बसल्या.

१८ नोव्हें.
पारिजातकाला पाणी सोडलं आणि कवितेच्या कुठल्याशा अर्ध्या ओळीचा पुढचा शब्द आठवत बसलो. नळी वाटेवरच वाहत राहिली. माती फुगली, फरशा डुगडुगायला लागल्या. तरी आशा. सुधाचा वॉकर घेऊन स्वतःच चालून पाहिलं. चार-दोन फरशा गेलो तोच एक कलली, वॉकरचा पाय रुतला आणि मी तिथेच आपटलो.
खिडकीतून सुधा हसून बेजार. "अहो, ऑपरेशन नक्की कुणाचं झालंय?"
मग म्हणाली, "बाग तुमच्यापुरती करा. मला नका धरू त्यात. मी इथं बरी आहे."
दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१९ नोव्हें.
मुलाचा इंदूरहून फोन. "पप्पा, सीधं सिमेंट मारून टाका ना, झंझट खतम!"
मेहुणे तर फोनवर रागावलेच. "आमच्या मातीत केळी कशी उभी राहतात मग?"
म्हटलं, तुमची बहीण केळ नाही.


२० नोव्हें.
माती उपसायची ठरली. सुधा म्हणे, फेकायची नाही, माहेरची आहे. कडेच्या वाफ्यांत जाईल. मुरूम आणि दुसऱ्यांदा मजुरी म्हणजे... झोपाळा खोडला. इतवाऱ्यातल्या सुताराला नको म्हणून कळवलं. "कड्या तर पाहून जा," म्हणाला. गेलो नाही. पाहिल्या असत्या तर...

२४ नोव्हें., सोम.
निम्म्या वाटेवर मुरूम पडला, धुमसला, फरशा पक्क्या. पुढे नुसतं उकरलेलं. मिस्त्री पुतणीच्या लग्नाला खंडव्याला गेलेत, कधी येतील देव जाणे. माती उपसायचं ठरल्यापासून सुधा बागेबद्दल अवाक्षरही काढत नाही. विचारायचा मला धीर नाही.
दुपारी बादली पालथी घालून वाफ्याजवळ बसलो होतो. मागचं दार करकरलं. भांडीवाली असेल म्हणून मान न वळवता म्हटलं, "बाई, भांडी आतच राहू देत."
दार पुन्हा करकरलं.
वळलो. चौकट धरून सुधा उभी. वॉकर नाही. एक पाऊल उंबऱ्याबाहेर.
"मुरूम कुठवर आलाय?"
"निम्म्यापर्यंत."
"मग बघत काय बसलात? हात द्या."