सीताफळांचा शर्ट

5 जानेवारी 2025, रविवार

शर्ट पलंगावर पसरून ठेवलाय आणि मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघतोय. तोही माझ्याकडे बघतोय. खोटं नाही — जांभळ्या कापडावर कापलेली सीताफळं आहेत, बशीएवढी, आणि त्यातल्या काळ्या बिया डोळ्यांसारख्या रोखून बघतात. मधेमधे हिरवे पोपट. समोरून मोजले, अकरा.

रीनानं काल दुर्ग स्टेशनवर दिला, गाडी सुटायला पाच मिनिटं असताना. सुरतेला ती कापडावरची डिझाइनं काढते, त्यातलं मिलमध्ये पास झालेलं हे पहिलं. नमुन्याचं कापड मिळालं, ते तिनं कॅम्प-1 मधल्या, तिच्या घराजवळच्या टेलरकडून माझ्या मापाचं शिवून घेतलं. म्हणाली, "तुझे सगळे शर्ट सिमेंटच्या रंगाचे आहेत. हा आठवडाभर रोज घाल. एकच शर्ट रोज वेगळा करून घालता येतो. रोज फोटो पाठव." आणि गाडीत चढताना दुसरं सांगितलं, ते पहिल्याहून अवघड. एकोणीस तारखेला तिला बघायला गोंदियाचे पाहुणे येणार आहेत. "त्याच्या आधी तू घरी सांग. सांगितलंस तर मी कोणासमोर बसणार नाही."

घरी सांग! तीन वर्षं झाली, आमच्या घरात तिचं नावसुद्धा निघालेलं नाही. ती बौद्ध, आम्ही कुणबी. बाबा तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये तिच्या लोकांसोबत एका टेबलावर डबा खातात. पण डबा वेगळा आणि सोयरिक वेगळी, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

आधी शर्टाचं बघू. एका वेळी एक.

6 जानेवारी, सोमवार

राखाडी स्वेटर, आत सीताफळं. बाहेर फक्त कॉलर. आरशात बघितलं तर बरं दिसत होतं — जसं काही मुद्दाम केलंय. आईला कळलंच नाही.

चष्म्याच्या दुकानात, कामावर, त्यावर पांढरा एप्रन. डोळे तपासणाऱ्यानं एप्रन घालायचाच, हा नरेशभैयांचा नियम, दुकान त्यांचं. तेवढ्यातूनही त्यांनी पकडलं. "अंकुर, ये कॉलर में क्या फल निकला है?" मी हसलो. सांगितलं नाही.

फोटो पाठवला. रीनाचं उत्तर, "कॉलर छान आहे."

7 जानेवारी, मंगळवार

काळं जॅकेट, चेन छातीपर्यंत. दोन पोपट दिसले.

रीना: "दोन."

8 जानेवारी, बुधवार

आज जमलं! आत पांढरा टी-शर्ट, वर हा शर्ट उघडा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली निळी जीन्स. रीनाचा नियम असा की एक गोष्ट बोलकी असेल तर बाकीच्यांनी गप्प राहायचं. पांढरं मधे आलं की सीताफळं दोन्ही बाजूंना सरकतात आणि अंगावर येत नाहीत. हे खरंच आहे. मला वाटायचं हे सगळे बायकांचे उद्योग, पण डोक्याचं काम आहे.

हुडको वसाहतीतल्या एक काकू डोळे तपासायला आल्या होत्या. एप्रन मी दहा मिनिटं काढून ठेवला होता, फोटोसाठी. त्या चार्ट सोडून माझ्याकडेच बघत. म्हटलं, काकू, समोर बघा, शेवटची ओळ वाचा. म्हणाल्या, "वाचून राहिली ना बेटा, पन हे तुया अंगावरचे डोये मले पायतेत त्याचं काय करू?" मी परत एप्रन चढवला.

रीनाही अशीच आली होती, त्याच खुर्चीत. नंबर पावणेदोन निघाला. चौथी ओळ तिनं पाठ करून म्हटली, चष्मा नको म्हणून, आणि मी अक्षरं उलटी दाखवली तेव्हा पकडली गेली. किती हसली होती. ती खुर्ची रोज पुसतो मी. दिवसातून दहा जण बसून जातात आणि एकही जण ती नसतो. सुरत फार लांब आहे. तिकडे आता ती जेवली असेल का, कोणासोबत जेवली असेल, एवढंही मला धड माहीत नाही.

9 जानेवारी, गुरुवार

शर्ट धुऊन मागच्या वरांड्यात, टॉवेलच्या आड वाळत घातला होता. आईनं काढलाच. दोन्ही हातांत धरून उजेडात नेला.

"हे कोनाचं झंपर होय रे?"

"माझा शर्ट आहे, आई."

"तुया? कावून बाप्पा? कुठून आनला?"

"सेलमध्ये होता."

खोटं किती चटकन येतं तोंडात. खरं तीन वर्षं घशातच.

आईनं घडी घातली मात्र नीट, इस्त्रीच्या कपड्यांत ठेवली. "कापड चांगलं आहे पन," म्हणाली. तेवढ्यावरून दिवसभर बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं. दोन्ही.

11 जानेवारी, शनिवार

तपकिरी पँट, शर्ट आत खोचलेला, वरून बिनबाह्यांचा स्वेटर. फक्त बाह्या दिसतात. पोपटाचं एक शेपूट, अर्धं सीताफळ. सगळ्यांत सभ्य आज दिसलो. नरेशभैयासुद्धा म्हणाले, "अब जंच रहा है."

रीनाला लिहिलं, बघ, शर्ट आता माझ्या ताब्यात आला. तिनं लिहिलं, "हो, तुला दाबता छान येतं." ती ओळ मी तीनदा वाचली. चेष्टा असेल.

घरी सांगितलं का, हे ती विचारत नाही. रोज वाटतं आज विचारेल. विचारलं असतं तर चिडता तरी आलं असतं.

12 जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हुडकोत बाबांच्या मित्राकडे गृहप्रवेश होता. मी अंघोळ करून बाहेर आलो तर बाबा आरशासमोर उभे — सीताफळं घालून! सगळ्या गुंड्या लावलेल्या, वर काही नाही, खाली त्यांची नेहमीची काळी पँट. आई पदर तोंडाला लावून हसत होती. "अहो, साठीले आले, लोकं काय म्हनतीन?" बाबा म्हणाले, "लोकाईले दिसू दे ना एक रोज." आणि तसेच गेले. सगळे पोपट घेऊन.

त्यांना तो इतका शोभत होता. आठ दिवस मी जे काय जुगाड करत होतो त्यातलं एकही त्यांनी केलं नाही. नुसता घातला.

परत आले तेव्हा खुशीत होते. तिथे सगळ्यांनी विचारलं म्हणे. खुर्चीत बसून बाहीवरचं सीताफळ बोटानं चाचपत म्हणाले, "अंकुर, हे ज्यानं कोनं काढलं ना, त्यानं सीताफय झाडावून तोडून खाल्लेलं आहे. बाजारातून आनून नाई. देठ पाय कसा काढला. कोनाचा हात आहे हा?"

समोर बाबा, हातात चहा, चेहऱ्यावर हसू. याहून सोपी वेळ देवानं तरी कुठून आणून द्यावी? "रीनाचा," एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द.

मी म्हटलं, "मशीनवर छापतात, बाबा."

13 जानेवारी, सोमवार

बाबांचा फोटो रीनाला पाठवला. वाटलं, खूश होईल. ते देठाबद्दल काय म्हणाले तेही लिहिलं.

ती आधी खरंच खूश झाली. पाठोपाठ चार मेसेज आले. अमरकंटकच्या वाटेवर मामाच्या गावी झाड आहे, लहानपणी तिथलीच खायची, त्यांना कसं कळलं? मग विचारलं, "मग तू सांगितलंस ना, कोणाचा हात ते?"

मी लिहिलं, नाही. लोक होते. खरं तर लोक नव्हते, आम्ही तिघंच होतो.

बऱ्याच वेळानं एक मेसेज आला. तसाच उतरवून ठेवतो:

"अंकुर, तुझे सगळे फोटो पाहिले. एक सोडला तर माझं काम स्वेटरच्या आत, जॅकेटच्या आत, एप्रनच्या आत. तुझ्या बाबांनी एका दिवसात बाहेरून घातलं. तू मलाही असंच घालतोस. आतून. मला थंडी वाजत नाही रे, गुदमरायला होतं."

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईनं तिळगूळ दिला. रीनाला दोनदा फोन केला. उचलला नाही.

16 जानेवारी, गुरुवार

दोन निळ्या खुणा. वाचते, लिहीत नाही.

मला ती हवी आहे. इतकं सरळ वाक्य मी या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. तिचा चष्मा पुसायचा हक्क हवा आहे, तिला स्टेशनवरून सरळ घरी आणायचं आहे. तीन वर्षं तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून स्कूटर वळवत आलो — कोणी बघू नये म्हणून. ती वळून हात करायची. मी तेव्हा आरशात मागून कोण येतंय ते बघत असायचो.

18 जानेवारी, शनिवार

सांगितलं.

बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले, अंघोळ केली आणि पुन्हा तोच शर्ट घालून जेवायला बसले. आता तो त्यांचाच झालाय. आई भाकरी वाढत होती. मी म्हटलं, बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलं होतं हा हात कोणाचा. रीना मेश्रामचा. कॅम्प-1. तिचे वडील रेल्वेत होते. मला तिच्याशी लग्न करायचं आहे.

आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. बाबा जेवत राहिले. भात संपवला, ताटात हात धुतला. मग म्हणाले, "पोरगी हुशार आहे."

मला वाटलं, झालं.

मग ते उठले, एकेक गुंडी काढली, शर्ट काढला, नीट घडी करून माझ्या पाटाजवळ ठेवला. "हा तुया आहे. तूच घाल." बनियनवरच आतल्या खोलीत गेले. आई त्यांची शाल घेऊन मागे गेली. मी शर्ट उचलला तेव्हा तो अजून गरम होता. बाबांच्या अंगाचा.

रीनाला लिहिलं, सांगितलं. खुणा निळ्या झाल्या नाहीत.

19 जानेवारी, रविवार

शर्ट घातला, वर काही नाही. कॅम्प-1 ला गेलो, पहिल्यांदा गल्लीच्या आत. घर विचारावं लागलं नाही. दाराला पडदा होता — तीच सीताफळं, तेच पोपट, भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं असा. तिच्या वडिलांनी, धोंडबाकाकांनी, पडदा सारला, शर्टाकडे बघितलं, म्हणाले, "अंकुर ना तुमी? या. रीनानं तीन वर्सांपयलेच सांगतलं होतं. आमी म्हनलं, येईन एखांद्या रोजी." पाहुणे? "नाई येऊन राहिले. तिनंच त्याईले 'नाई' म्हनून कयवलं. रीना बी आली नाई, सुरतेलेच आहे." मग माझ्याकडे न बघता, "आन म्हने, तो आला तं त्यालेबी सांगा, वाट नोको पाहू."

मी म्हटलं, पाहीन. पण यापुढे इथं येऊन पाहीन, चालेल का?

म्हणाले, "पयले चहा घ्या."