टपका बँडची गाणी आणि माझी न केलेली सही

मी, विजया जगदीश सोवनी, वय छप्पन्न, बँकेतून स्वेच्छेने निवृत्त, राहणार अलीगंज, लखनौ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, तिची शस्त्रक्रिया डिसेंबरात आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि कागद करून ठेवा असेही तेच म्हणतात. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे. अर्थाबद्दल शंका आली तर हा मराठी मजकूर खरा धरावा. घर आणि ठेवी मला हिंदीत लिहिता आल्या असत्या, कलम सहा आले नसते.

कलम १. अलीगंजचे घर, गच्ची आणि गच्चीवरची खोली यांसह, माझा एकुलता एक मुलगा प्रसाद याला द्यावे. हे घर माझे पती कै. जगदीश यांनी घेतले. ते औषधसंशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. मला सांगलीहून इकडे आणले त्यांनी, आणि १९८७ साली ते गेले. घराला कोणतीही अट लावलेली नाही. पुढचे वाचून कोणाला वाटेल की मी प्रसादची भरपाई करते आहे. तसे नाही. तो मुलगा आहे, घर त्याचेच आहे.

कलम २. बँकेतील ठेवीही त्यालाच. माझ्या दोन पाटल्या कल्पना माथुर हिला द्याव्यात. ती आता लग्न होऊन कानपूरला असते आणि शाळेत शिकवते. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच राहील. आमच्यात कागद वेळेवर पाठवणारी ती एकटीच होती.

कलम ३. वाद्ये. जपानी कीबोर्ड कल्पनाच्या शाळेला द्यावा. पायपेटी, जिच्यावर मी लहानपणी सांगलीच्या शाळेत प्रार्थनेला साथ करीत असे, ती प्रसादने ठेवावी. भाता उंदरांनी कुरतडला आहे, तो बदलून घ्यावा. ड्रमचा संच गच्चीवरच्या खोलीत चार वर्षे झाकून ठेवला आहे. तो माझा नाही, म्हणून देण्याचा प्रश्न नाही. तो नफीस खाँ, राहणार मलिहाबाद, याचा आहे.

हे तिघे कोण, ते इथेच लिहिते. १९९० साली प्रसाद बी.एस्सी.ला होता. नफीस त्याच्या वर्गातला, आंब्याच्या बागवाल्याचा मुलगा. कल्पना आमच्या मागच्या गल्लीतली. प्रसाद गिटार वाजवी, नफीस ड्रम, कल्पना गाई. त्यांचा कीबोर्ड वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगला बंगळूरला निघून गेला आणि हे तिघे एकच गाणे तीन दिवस एकाच जागी अडकून वाजवीत बसले. मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. कपडे खांद्यावर घेऊनच खोलीत शिरले आणि म्हटले, ‘इथे पंचमावर जाऊ नका. मध्यमावर थांबा, मग खाली या.’ वाजवून दाखवले.

प्रसाद म्हणाला, ‘आई, प्लीज.’

नफीस म्हणाला, ‘आंटी, फिर से बजाइए।’

मी पुन्हा वाजवले. तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. चार-साडेचार वर्षे मग मीच वाजवीत राहिले. बँडचे नाव नफीसने ठेवले. त्याच्या अब्बांनी दशहरी आंब्यांची टोपली पाठवली होती. अढीत घालून पिकवतात त्याला तिकडे पाल का आम म्हणतात, आणि झाडावरच पिकून आपोआप गळतो तो टपका. नफीस म्हणाला, ‘हम लोग पाल वाले नहीं हैं।’ झाले.

कलम ४. ‘पहली फसल’ या आमच्या एकमेव कॅसेटच्या सव्वीस प्रती कपाटात आहेत. त्या मागेल त्याला द्याव्यात. त्यांतली एक मात्र मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष हणमंतराव बिडकर यांना घरी नेऊन द्यावी. १९९१ च्या गणेशोत्सवात आमचा पहिला कार्यक्रम झाला, त्यात ते दुसऱ्या गाण्याला उठून गेले आणि जाताना मला म्हणाले, ‘सोवनीबाई, या वयात?’ त्यांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात. वेळ त्यांना भरपूर आहे.

मंडळ सोडले तर आमच्या कार्यक्रमातून कुठे कोणी उठून गेले नाही. कानपूर, अलाहाबाद, गोरखपूर, कॉलेजांची स्नेहसंमेलने आम्ही केली. मी सुती साडी आणि कॅनव्हासचे बूट घालत असे, पेडल दाबायला बरे पडतात म्हणून. मुले ‘आंटी, आंटी’ ओरडत. गोरखपूरला वीज गेली. गिटार बंद, कीबोर्ड बंद. कोणीतरी कॉलेजच्या प्रार्थनेची बाजाची पेटी आणून दिली आणि आम्ही तिच्यावर, ड्रमवर आणि कल्पनाच्या माइकशिवायच्या गळ्यावर पाऊण तास गायलो. वीज आली तेव्हा मुलांनी ती बंद करायला लावली. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली दुपार कोणती, असे कोणी विचारले तर ती सांगेन. लग्न, प्रसादचा जन्म हे सगळे धरूनही.

कलम ५. गाणी. १९९३ च्या मार्चमध्ये दिल्लीला तीन दिवसांत आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. कॅसेटच्या वेष्टनावर ‘संगीत: टपका’ एवढेच आहे. खरे असे: पाच चाली माझ्या, दोन प्रसादच्या, एक नफीसची. शब्द सर्व कल्पनाचे. ‘साढ़े पाँच बजे’ हे गाणे रेडिओवर लागत असे आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी होते. त्याची चाल माझी, पण मधला ठेका नफीसने बदलला नसता तर ते भजन झाले असते. या सर्व गाण्यांवरचा माझा हक्क मी प्रसाद, नफीस आणि कल्पना यांना समान देते. पुढे कोणीही ही गाणी वापरली तर चारही नावे घालावीत.

कलम ६. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

१९९४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचे पत्र आले. त्यांना टपका हवा होता, तिघांचा. माझ्या जागी ते एक तरुण मुलगी देणार होते, कारण गाण्यांचे व्हिडिओ होणार होते. सर्व चालींखाली प्रसादचे नाव जाणार होते. त्यासाठी आम्हा चौघांच्या सह्यांचे संमतिपत्र महिनाअखेर पोचायला हवे होते.

प्रसादने तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी भाजी निवडत होते. तो म्हणाला, ‘आई, नुसती सही कर. तुला काय फरक पडतो?’

मी म्हटले, ‘तुम्ही तिघं आधी करा. मी शेवटी करीन.’

तो मुंबईला पुढे गेला. कल्पनाची आणि त्याची सही झालेली होती. मंगळवारी नफीस मलिहाबादहून मोटरसायकलवर आला, माझ्यासमोर डायनिंग टेबलावर सही केली आणि म्हणाला, ‘आंटी, आप न चाहें तो मत कीजिए। हम प्रसाद से बात करेंगे।’ मी म्हटले, ‘नाही रे, करते.’ तो गेल्यावर मी कागद लोखंडी कपाटात, साड्यांखाली ठेवला.

प्रसादचा तीनदा फोन आला. पहिल्यांदाच मी सांगून टाकले, ‘नफीसची सही व्हायची आहे.’ पुढच्या दोन्ही वेळी तेच. महिना संपला. कंपनीने दुसरा बँड घेतला.

प्रसाद परत आला तो थेट गच्चीवर गेला. नफीस तिथे सरावाला येऊन बसला होता. काही घडले आहे हे त्याला ठाऊकही नव्हते. मी दारात उभी होते. प्रसादने विचारले, ‘तूने साइन नहीं किया?’ नफीसने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, ‘हाँ। नहीं किया।’

प्रसाद त्याला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. नफीस जिना उतरून गेला, ड्रम तसेच ठेवून. टपका त्या दिवशी संपला. कल्पनाचे पुढच्या वर्षी लग्न झाले. प्रसाद चिनहटच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागला. गिटार त्याने पुन्हा हातात धरली नाही. चार वर्षे झाली, त्या दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही.

तो कागद अजून कपाटात आहे. नफीसची सही त्यावर आहे, तारखेसह. माझी जागा कोरी आहे. तो प्रसादला दाखवावा. नफीस निर्दोष आहे. दोष माझा आहे. मला राग प्रसादचा आला होता आणि तो मी नफीसच्या पदरात टाकला, कारण नफीस उलट बोलणार नाही हे मला ठाऊक होते.

कलम ७. इथपर्यंतचा मसुदा ऑक्टोबरात झाला होता. वकीलसाहेबांनी तर्जुमा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, ‘मैडम, ये तो आपके बाद खुलेगा। तब तक?’

पुढच्या रविवारी बस धरून मी मलिहाबादला गेले.

नफीस बागेत झाडांच्या बुंध्यांना चुना लावून घेत होता. कानशिलावरचे केस पिकले आहेत त्याचे, तिशीही झालेली नाही. त्याने खाट मागवली, पाणी मागवले. मी सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले.

‘आंटी, साइन तो हमने आपके सामने किया था। हमें मालूम नहीं होगा?’

‘मग त्या दिवशी बोलला का नाहीस?’ मी मराठीतच विचारले. त्याला आमच्या घरात सगळे मराठी समजू लागले होते.

‘हम बोल देते तो प्रसाद घर छोड़कर चला जाता। अंकल थे नहीं। आपके पास और कौन था? हमारे पास तो बाग़ थी, अब्बा थे, चार भाई थे।’ त्याने चुन्याची बादली सावलीत सरकवली. ‘पर चार साल में एक बार तो आतीं आप। ग़ुस्सा हमें इसी बात का है।’

मी क्षमा मागितली. तो ‘जाने दीजिए’ म्हणाला नाही, याचे मला बरे वाटले. त्याने मला बसपर्यंत सोडले आणि सोबत लोणच्याची बरणी दिली. त्याच्या अम्मीने पाठवली होती.

त्याच संध्याकाळी प्रसाद कारखान्यातून आल्यावर मी कागद टेबलावर ठेवला. त्याने वाचला. उलटून पाहिला. पुन्हा वाचला. मी काय केले ते सांगितले. त्याने एकच विचारले, ‘म्हणजे तो माझं सगळं ऐकून गप्प बसला?’

‘हो.’

‘आणि तू दारात उभी होतीस.’

‘हो.’

त्याने स्कूटरची किल्ली घेतली. कुठे जातोस, असे मी विचारले नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, बुटांना चुना लागलेला होता. त्यानंतर आजवर तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. औषध घेतलंस का. दार लावून घे. हे माझे भोगणे आहे आणि ते न्याय्य आहे. त्यामुळे या मृत्युपत्रातले एकही कलम मी बदललेले नाही. कलम सहाही काढलेले नाही, कारण ते खरे आहे आणि कल्पनाने ते अजून वाचलेले नाही.

ज्यांना काही मिळते त्यांनी साक्ष करू नये असा कायदा आहे. म्हणून आज सह्यांच्या वेळी प्रसाद आणि नफीस या दोघांना वकीलसाहेबांनी बाहेरच्या व्हरांड्यात बसवले आहे. मला इथे कचेरीत प्रसादने स्कूटरवरून आणले. नफीस आपणहून आला. मधले दार उघडे आहे. ते काहीतरी बोलत आहेत. काय ते मला इथून ऐकू येत नाही, आणि मी वकीलसाहेबांना दार लावू दिलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, तो माझाच आहे.

ठिकाण: लखनौ
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८

(सही) विजया जगदीश सोवनी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. नयना विक्रम गोखरे, बँकेतील माजी सहकारी, राहणार अलीगंज
२. डॉ. सुधीर रस्तोगी, शेजारी, राहणार अलीगंज